टेलेक्स रिलीज देण्याआधी

प्रश्न : काका, नमस्कार. निफाड तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिचं कागदपत्रांचं काम मी बघते. दोन हंगाम रॉटरडॅमला द्राक्षं पाठवली, यंदा पहिल्यांदाच दुबईला कंटेनर जातोय. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज, ऑनलाइन, कंटेनरचं तापमानसुद्धा मोबाइलवर दिसतं. मग बिल ऑफ लेडिंगच, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, तेवढं अजून कागदावर का? दुबईचे व्यापारी म्हणतात, कुरिअरची जुनी पद्धत सोडा, टेलेक्स रिलीज द्या, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सुटेल, एका ईमेलचं काम आहे. द्यावं का?

उत्तर : ताई, पैसे खात्यात जमा झाले असतील तर आजच द्या. नसतील तर देऊ नका, कितीही फोन आले तरी.

न्हावा-शेव्यात मी क्लिअरिंगला, म्हणजे मालाची कस्टमची कामं करून देण्याच्या धंद्याला, लागलो तेव्हा शिपिंग बिल टाइपरायटरवर, कार्बन घालून निघायचं. एक आकडा चुकला की सगळ्या प्रतींवर खाडाखोड, आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही. फाइल काखेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात दिवस संपायचा. आता आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर शिपिंग बिल भरलं, ई-संचितवर जोडीचे कागद चढवले की एलईओ, म्हणजे माल जहाजावर चढवायची कस्टमची परवानगी, मिळाल्याचं मोबाइलवर कळतं. हा बदल मला मनापासून आवडतो.

पण ते सगळे कागद फक्त माहिती देतात. बिल ऑफ लेडिंगचं तसं नाही. ‘टु ऑर्डर’, म्हणजे मागे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येईल असं, काढलेलं मूळ बिल रीतसर सह्या होऊन ज्याच्या हातात, त्याला माल. बेअरर चेकची झेरॉक्स बँकेत चालत नाही, तसंच हे. पीडीएफच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, मालाला मालक मात्र एकच हवा. मूळ बिलं तीन निघतात आणि त्यांवर छापलेलं असतं, की एकावर माल सुटला की उरलेली दोन रद्द. म्हणून तिन्ही तुमच्या कपाटात आहेत तोवरच मालावर तुमचा ताबा.

टेलेक्स रिलीज म्हणजे ही तिन्ही बिलं तुम्ही इथेच जहाज कंपनीला परत करायची आणि कंपनीने तिथल्या ऑफिसला कळवायचं, मूळ कागद न मागता माल सोडा. टेलेक्सची मशिनं कधीच गेली, नाव राहिलं. माल एकदा गेटबाहेर पडला की तो परत येत नाही.

दुबईला अडचण येते ती अंतरामुळे. रॉटरडॅमला जहाज जायला कित्येक आठवडे लागतात, कागद आरामात आधी पोचतात. दुबईच्या जेबेल अली बंदराला मात्र जहाज चार-पाच दिवसांत लागतं, आणि बँकेमार्फत पाठवायचे कागद अजून बँकेतच. व्यापारी नेमका तेव्हा फोन करतो.

माझ्या एका द्राक्षवाल्या गिऱ्हाइकाला असाच रात्री फोन आला. थंड कंटेनर बंदरात विजेच्या प्लगवर उभा आहे, भाडं चढतंय, देठ सुकतायत. सकाळी त्यांनी मला तिन्ही बिलं दिली. मी ती काउंटरवर नेली, उभं राहून तिन्हींवर ‘सरेंडर्ड’चा शिक्का मारून घेतला. माल सुटला. मग व्यापाऱ्याचा निरोप आला, माल खराब निघाला, दर कमी करा. त्यानंतर फोन उचलणंच बंद. माझ्या त्या गिऱ्हाइकाने गावातल्या शेतकऱ्यांचे पैसे दोन वर्षं फेडले. ते तीन शिक्के मला आजही दिसतात.

म्हणून आगाऊ रक्कम माल भरण्याआधीच घ्या. उरलेली, बिलाची प्रत ईमेलने दाखवल्यावर. ती जमा झाली की टेलेक्स. उधारी द्यायचीच असेल तर त्या व्यापाऱ्यासाठी ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची, मर्यादा कंटेनर निघण्यापूर्वी मंजूर करून घ्या. सी वे-बिल, म्हणजे मूळ प्रत दाखवावी न लागणारी पावती, नव्या माणसाला अजिबात नको, त्यात नाव जुळलं की माल मिळतो. आणि मोबाइलवरचं ते तापमान रोज उतरवून ठेवा. उद्या ‘माल खराब’ म्हणाले तर तीच नोंद तुमच्या बाजूने बोलेल.

कायमचा उपाय इलेक्ट्रॉनिक बिल. त्यात एका वेळी एकाच्याच ताब्यात बिल राहतं. इंग्लंडने २०२३ मध्ये कायदा करून अशा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांना कागदाइतकाच मान दिला. मोठ्या कंटेनर कंपन्यांनी २०३० पर्यंत सगळी बिलं इलेक्ट्रॉनिक करण्याचं ठरवलंय. आपल्याकडेही १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. पण तुम्ही, जहाज कंपनी, व्यापारी आणि मध्ये बँक असेल तर तीही, सगळ्यांनी ते मान्य केलं तरच ते चालतं. पुढच्या बुकिंगला तुमच्या एजंटला विचारा.

प्रश्न : मी उरणचा, बी.कॉम. झालो. सगळं ऑनलाइन झाल्यावर क्लिअरिंगमध्ये काम उरेल का?

उत्तर : फाइल पोचवणाऱ्याचं उरणार नाही, ते जवळपास संपलंच. माल बघून एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या वर्गवारीतला त्याचा नंबर, अचूक सांगणाऱ्याचं उरेल, कारण चुकीचा कोड संगणकही तितक्याच वेगाने पुढे पाठवतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने न्हावा-शेव्यातलं एक टर्मिनल बंद पाडलं, तेव्हा ज्याच्या वहीत कंटेनर नंबर आणि सील नंबर लिहिलेले होते, त्याला आपला माल कुठला हे सांगता येत होतं. कस्टम टॅरिफ, म्हणजे या कोडांचं आणि शुल्काचं पुस्तक, विकत आण आणि रोज एक चॅप्टर वाच. सातव्यापासून सुरुवात कर, त्यात आपला कांदा आहे.