पेशी कशी मेली, याला महत्त्व असते का?

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग शरीरभर पसरल्यावर त्याच्या पेशींचा नियंत्रित मृत्यू घडवून आणला, तर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारे उपचार) अधिक लागू पडेल का, असे आपण विचारले आहे. तत्त्वतः पडेल. हाच मुद्दा धंतोलीतल्या एका रुग्णालयाच्या बाकावर मी माझ्या साडूभाऊंना तासभर समजावत होतो, आणि "पेशी मेली म्हणजे मेली, कशी मेली याच्याशी काय करायचे?" हे त्यांचे वाक्य मला अजून बोचते.

आत मामा होते. त्यांच्या टाचेवरचा काळा डाग कुरूप समजून आठ महिने त्यावर कॉर्न कॅप लावली गेली आणि मधे एकदा ते कापूनही झाले. निदान झाल्यावर नातेवाइकांनी नागपूरच्या उन्हाला बोल लावला, परंतु तळव्यावरच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. त्यामुळेच त्यात जनुकीय बदल कमी असतात, प्रतिकारशक्तीला तो परका वाटत नाही आणि इम्युनोथेरपीचा गुण गोऱ्या रुग्णांच्या मेलानोमाइतका येत नाही.

इपिलिमुमॅब (2011) किंवा पेम्ब्रोलिझुमॅब (2014) ही औषधे टी-पेशींवरचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींवरचा, लगाम सोडतात, पण गाठीत टी-पेशी शिरल्याच नसतील तर लगाम सोडून काय होणार? पेशीच्या नियंत्रित मृत्यूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी अपॉप्टोसिसमध्ये पेशी बहुधा गुपचूप आवरती घेते. नेक्रॉप्टोसिस किंवा पायरॉप्टोसिसमध्ये मात्र तिचे आवरण फुटते, एटीपी आणि एचएमजीबी-1 हे आतले रेणू बाहेर सांडतात, त्यांनी डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे पहारेकरी, जाग्या होतात आणि टी-पेशींना शत्रूची ओळख पटवतात. शिवाय टी-पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन कर्करोगपेशीला होणारा सिस्टिन या अमिनो आम्लाचा पुरवठा तोडून तिला फेरॉप्टोसिसकडे (लोहामुळे आवरण खराब होऊन येणाऱ्या मृत्यूकडे) ढकलते, हे 2019 मध्ये दिसून आले. म्हणजे साडूभाऊ, कशी मेली यालाच महत्त्व आहे.

अर्थात मेलानोमाच्या पुष्कळ पेशींनी नेक्रॉप्टोसिसला लागणारे आरआयपीके-3 हे प्रथिन आधीच गमावलेले असते, आणि फेरॉप्टोसिस टी-पेशींनाही मारू शकतो. गाठीत टोचून पेशी फोडणारा टी-व्हेक हा विषाणू 2015 मध्ये मंजूर झाला, पण पेम्ब्रोलिझुमॅबला त्याची जोड दिल्याने तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा कुणी हे उपचार आजच देऊ करत असेल, तर ती मान्यताप्राप्त चाचणी आहे का, हे आधी विचारावे.

मी बाकावर प्राणिशास्त्राचा तास घेतला, असे साडूभाऊ आजही ऐकवतात. घेतला खरा, पण कुरूप कापले त्या दिवशी मी मामांच्या शेजारीच उभा होतो आणि तो तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तपासणीला द्या, एवढे मला सुचले नव्हते.