तुमचे प्रश्न : निळा लेझर, हिरवा लेझर आणि द्राक्षाची बाग

गणपतीतल्या लेझर लाइटवर मागच्या अंकात चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. एका आजोबांनी तर "आमच्या वेळी मिरवणुकीत लेझीम असायची, आता लेझर आला, एक अक्षर बदललं आणि डोळे गेले" असं कळवलंय. आजोबा, वाक्य ढापतोय तुमचं. बाकीच्यांपैकी चार प्रश्न घेतोय.

प्रश्न : सर मी सातारचा, बीएस्सीला आहे. ऑनलाइन निळा लेझर मागवला, लेबलवर 5000 मिलीवॅट लिहिलंय. काडी पेटती, काळा फुगा फट्कन फुटतो. अजिंक्यताऱ्यावरनं मारला तर ठिपका पार स्टँडपर्यंत जात असंल असं वाटतं. पण मित्राचा साधा हिरवा लेझर याच्यापेक्षा झगझगीत दिसतो. मग मला फसवलंय का? आणि सोबत एक चष्मा फुकट आलाय तो चालंल का?

मित्रा, आपल्या डोळ्याला हिरवा रंग जरा जास्तच लाडका आहे, सगळा घोळ त्याचा. उजेडाचा रंग त्याच्या लाटेच्या लांबीवरनं ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. डोळा सगळ्यात तिखट असतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या पॉइंटरचा उजेड 532 चा म्हणजे अगदी शेजारी, आणि तुझा निळा साधारण 450 चा, तिथं डोळा जवळजवळ आंधळाच म्हण. ताकद सारखी असली तरी निळा हिरव्याच्या विसाव्या हिश्शाइतका दिसतो, म्हणजे 100 मिलीवॅटचा निळा आणि 5 मिलीवॅटचा हिरवा बघायला साधारण सारखेच. पण डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, भाजायला रंग किती झगझगीत दिसतो याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळं तुझा लेझर मंद वाटतो म्हणून गरीब आहे असं समजू नकोस.

लेबलवरच्या 5000 वर माझा विश्वास नाही, तूही ठेवू नकोस. पण काडी पेटते म्हणजे काही शे मिलीवॅट तरी असणारच, आणि तेवढं बास झालं. हिशोब असा आहे की 1 मिलीवॅटपर्यंतचा दिसणारा लेझर डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि बहुतेक वेळा निभावतं, शिकवायला वापरतात ते पॉइंटर 5 च्या आत असायला पाहिजेत, 5 ते 500 हा धोक्याच्या वर्गवारीतला क्लास 3बी, आणि 500 च्या वर क्लास 4, तिथं पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. कारण बुबुळातून आत गेलेला किरण डोळ्याचं भिंग पडद्यावर इतक्या बारीक ठिपक्यात गोळा करतं की तीव्रता लाखपट होते, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना तसंच, फक्त कागद आत असतो. क्लास 4 मध्ये तर भिंतीवर पडलेला ठिपका जवळून टक लावून बघणंसुद्धा धोक्याचं. 1 वॅटचा लेझर, किरण मीटरला एक मिलिमीटर या हिशोबाने पसरत असेल तर सव्वादोनशे मीटरपर्यंत डोळ्याला इजा करू शकतो. म्हणजे राजवाड्याच्या चौकात उभं राहून गंमत करायची वस्तू नाही ही.

अजिंक्यताऱ्याचं म्हणशील तर स्टँडपर्यंत तो ठिपका ठिपका राहत नाही, दोनेक मीटरचा पट्टा होतो. डोळा भाजणार नाही तेवढ्यावर, पण रात्री एसटी वळवणाऱ्या ड्रायव्हरच्या काचेवर आला तर त्याला दोन-चार सेकंद काहीच दिसणार नाही आणि बाकीचं तूच बघ. विमानाचंही तेच, दहा किलोमीटरवर तो पट्टा दहा मीटरचा होतो, आणि विमानाकडे लेझर मारणं हा गुन्हा आहे.

आता चष्मा. फुकटचा चष्मा हा माझा आवडता विषय आहे. प्लास्टिक नारिंगी आहे म्हणजे निळा अडवेल असं नसतं, चष्म्यावर कुठल्या नॅनोमीटरपासून कुठल्यापर्यंत आणि त्या पट्ट्यात ओडी, म्हणजे उजेड अडवायची ताकद, किती हे छापलेलं पाहिजे. ओडी 3 म्हणजे हजारातला एक भाग आत येतो, ओडी 4 म्हणजे दहा हजारातला एक. काहीच छापलं नसेल तर तो जत्रेतला गॉगल समज. आणि निळ्यासाठीचा चांगला चष्मासुद्धा लाल लेझर आरपार सोडतो, म्हणून एकच चष्मा सगळ्यांना असं चालत नाही.

एक घरची गोष्ट सांगतो. मी कॉलेजच्या लॅबमध्ये होतो तेव्हा दीड-दोन मिलीवॅटचा हेलियम-निऑन लेझर लावताना माझ्याच मनगटावरच्या स्टीलच्या घड्याळावरनं किरण उलटला आणि सरळ डोळ्यात. काही झालं नाही कारण लेझर गरीब होता, पण त्या दिवसापासून लेझर हातात घ्यायच्या आधी घड्याळ आणि अंगठी काढून खिशात टाकतो. तुझ्या लेझरने तसं झालं असतं तर हा कॉलम दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता. वापरायचाच असेल तर बंद खोलीत, टेबलाला घट्ट बांधून, समोर मॅट काळी वीट, आरसा-स्टील-काच काही नको, घरातलं लहान पोर बाहेर, आणि काम झालं की सेल काढून वेगळा ठेव. फुगे फोडायला म्हणशील तर टाचणी मिळते.

प्रश्न : आम्ही चार-पाच जण डिसेंबर-जानेवारीत कासकडे जाऊन तारे बघतो. हिरवा लेझर थंडीत एकदम मंद पडतो, हातात घट्ट धरून गरम केला की परत लागतो. बिघडलाय का? जास्त पॉवरचा घेऊ का?

बिघडलेला नाही. हिरव्या पॉइंटरमध्ये सहसा हिरवा डायोड नसतोच. आत 808 नॅनोमीटरचा, न दिसणारा इन्फ्रारेड डायोड असतो, तो एका क्रिस्टलवर पडतो, त्यातून 1064 चा निघतो, तोही न दिसणारा, आणि मग दुसरा क्रिस्टल त्याच्या लाटेची लांबी निम्मी करून 532 चा हिरवा करतो. ही सगळी साखळी तापमानाला फार नाजूक, गार पडली की लय बिघडते. नवीन घेऊन तोही गारठेल, त्यापेक्षा खिशात आतल्या बाजूला ठेवा.

पण यात एक मेख आहे. हिरवा मंद पडला म्हणजे आतला इन्फ्रारेड बंद झाला असं नाही. चांगल्या पॉइंटरमध्ये तो अडवणारा फिल्टर असतो, स्वस्तातल्यात पैसे वाचवायला तोच गाळतात. मग हिरवा दिसतोय इवलासा आणि सोबत न दिसणारा भरपूर बाहेर पडतोय, त्याला तर पापणीही मिटत नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापाच्या संस्थेनं 122 पॉइंटर तपासले होते, 2013 ची गोष्ट, त्यात हिरव्यातले जवळपास 90 टक्के आणि लालमधले 44 टक्के नियमाच्या बाहेर निघाले. तेव्हा 'बघ कसा मंद झालाय' म्हणत तोंडाकडे वळवू नका. तारा दाखवायला 5 मिलीवॅट भरपूर होतो, हवेतल्या रेणूंवरनं आणि धुळीवरनं विखुरलेला उजेड अंधारात रेघेसारखा दिसतोच. विमानाचा दिवा दिसला की बटण सोडायचं.

प्रश्न : तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्ष. साळुंक्या, बुलबुल मणी फोडतात. गोफण, डबे, चकाकी पट्टी सगळं झालं. हिरवा लेझर मारला तर पाखरं उठतात असं एकानं सांगितलं, खरंय का?

दादा, अर्धं खरंय. शेतात पाखरं उठवायला हिरवा लेझर परदेशात वापरतात, पण तो चालतो पहाटे आणि सांजच्याला, अंधुक उजेडात, जमिनीवरनं सरकणारा ठिपका बघून पाखरू उठतं. तुमचं नुकसान होतं ते उन्हात आणि फेब्रुवारीच्या उन्हात तो ठिपका तुम्हालाच सापडणार नाही, साळुंकीला कुठनं दिसणार. मग माणूस म्हणतो मोठा घेऊ, आणि तिथंच चुकतं. तुमच्या बागेत मांडवाच्या तारा आहेत, लोखंडी अँगल आहेत, चकाकी पट्टी तर तुम्ही स्वतःच बांधलीय, मोठा किरण त्यातल्या कशावरनं उलटून कुठं जाईल याचा नेम नाही आणि त्याच ओळीत बायका वाकून घड काढत असतात. पैसे घालायचेच तर जाळीत घाला. महाग पडते, माहितीये.

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा, सांगली. जत्रेतून आणलेल्या पॉइंटरमध्ये मित्रांच्या पैजेवर आत बघितलं. दुखत नाही म्हणतो, पण वाचताना मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसतं म्हणतो. थेंब कुठले घालू?

ताई, थेंब कुठलेच नको, आणि हा अंक तुमच्या हातात येईपर्यंत थांबू नका म्हणून आधीच कळवलंय. पडद्याला दुखतच नाही, म्हणून 'दुखत नाही' याला अर्थ नाही, मधलं अक्षर पुसलं जाणं हेच खरं लक्षण, कारण सरळ बघताना किरण नेमका नजरेच्या मध्यबिंदूवर पडतो. 2023 च्या गणपतीनंतर नाशिक-पुण्याकडून पोरांची नजर गेल्याच्या बातम्या आल्या होत्या त्यातही पडद्याचीच इजा होती, आणि त्यानंतर बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी मिरवणुकीत लेझरला बंदी घातली. चष्म्याचा नंबर काढणाऱ्याकडे नको, रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या, मिरज जवळच आहे. ओसीटी नावाचा स्कॅन करतील, त्यात सुई नाही, दुखत नाही, पोराला तेवढं आधी सांगा. काही इजा आपोआप थोडी भरून येते, काही नाही, ते स्कॅन बघूनच ते सांगतील. त्याला रागावू नका, नाहीतर दिसतंय ते खरं सांगणार नाही. आणि तो पॉइंटर बरोबर न्या, डॉक्टरांना रंग आणि लेबल बघायचं असतं. सेल काढून न्या.