संपर्ककोन १५० अंश आला म्हणून पेढे वाटू नकोस

पाणी झटकणारा लेप दिलेल्या तुझ्या काचपट्टीचा फोटो पाहिला. थेंब मोत्यासारखा बसलाय, झकास. संपर्ककोन, म्हणजे थेंबाच्या कडेशी पाण्याच्या आतून मोजलेला पट्टीशी होणारा कोन, मोठा आहे खरा. पण आता पट्टी उलटी धर. पडला नाही ना? मग ते अळूचं पान नाही, गुलाबाची पाकळी झाली. पाकळीवरही कोन १५०च्या वर जातो, तरी थेंब उलटा लटकून राहतो.

थेंब घरंगळणार की चिकटणार हे एका कोनावरून कळत नाही. सुईने थेंबात हळूहळू पाणी भर. कड पुढे सरकते तेव्हाचा कोन टिपून ठेव. मग पाणी ओढून घे, कड मागे हटताना पुन्हा मोज. या दोहोंतला फरक जितका कमी, तितका थेंब सहज पळतो. फरक मोठा आला, तर बहुतेक पाणी लेपाच्या बारीक खाचांत शिरलंय, थेंबाला खालून उचलून धरणारी हवा गेली. तिथे लेप बदलण्याआधी खडबडीतपणा बघ: खाचा अरुंद कर, उंचवट्यांवर आणखी बारीक उंचवटे आण. अळूच्या पानावर मेणाचे सूक्ष्म कण हेच काम करतात.

थेंब नेहमी एकाच मापाचा घे, मी ५ मायक्रोलिटर घेतो. आणि पट्टीला बोट लावू नकोस! माझा अख्खा आठवडा एका अंगठ्याच्या ठशापायी गेला होता.