वाचकांचे प्रश्न : लॉच्या पहिल्या वर्षाला बसण्याआधी

लॉ सीईटीचे राउंड सुरू झाले की या सदरात दुसरे प्रश्न येतच नाहीत. यावेळी चार पत्रं घेतलीत, बाकीच्यांचं उत्तर बहुतेक यातच सापडेल.

प्रश्न : मॅडम, माझी बारावी झाली, पाच वर्षांच्या बीए एलएलबीला नंबर लागलाय. शाळा, ज्युनिअर कॉलेज सगळं मराठी मीडियम. यूट्यूबवर एक जण सांगत होता की फाडफाड इंग्लिश येत नसेल तर लॉमध्ये कोणी टिकत नाही. कॉलेज उघडायला महिनाभर आहे, तेवढ्यात स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?
(एक विद्यार्थिनी, जालना)

उत्तर : हौस म्हणून लाव, लॉसाठी म्हणून नको. पहिल्या वर्षी बोलायचं कमी आणि वाचायचं ढीगभर असतं, आणि कायद्यातलं इंग्लिश स्पोकनच्या क्लासमध्ये शिकवतच नाहीत. ते फाडफाड येणाऱ्यालाही अडतं, कारण तो भरभर वाचत जातो आणि इथे भरभर वाचलं की माती होते.

महिना आहे ना, मग भारतीय न्याय संहितेचा (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) बेअर अ‍ॅक्ट घे, म्हणजे नुसता कायदा, कोणाची टीका-टिप्पणी नाही. इंडिया कोडच्या सरकारी वेबसाइटवर फुकट आहे. त्यातलं कलम 303 काढ, चोरीचं. व्याख्या एकाच लांबलचक वाक्यात आहे. ते वाक्य वहीत उतरव आणि तोड : अप्रामाणिकपणे घ्यायचा इरादा, जंगम म्हणजे हलवता येणारी मालमत्ता, दुसऱ्याच्या कब्जातून, त्याच्या संमतीशिवाय, आणि घेण्यासाठी ती वस्तू हलवणं. पाचही असतील तर चोरी, एक जरी निसटला तर चोरी नाही, दुसरा काही गुन्हा असेल तर असेल.

आता बघ, त्यात कब्जा म्हटलंय, मालकी कुठेच म्हटलेली नाही. म्हणून कलमाखालच्या दाखल्यांमध्ये, म्हणजे कायद्यातच दिलेल्या उदाहरणांमध्ये, घड्याळाची गोष्ट आहे : दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, दुरुस्तीचे पैसे द्यायचे बाकी, दुकानदाराने त्यासाठी ते कायदेशीरपणे ठेवून घेतलं, आणि पैसे बुडवायला म्हणून मालकाने ते गुपचूप उचलून नेलं तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी केल्याबद्दल तो गुन्हेगार! तसंच झाडाचं. जमिनीत उभं झाड जंगम नाही, त्यामुळे ते उभं असेपर्यंत त्याची चोरी होत नाही, पण न्यायच्या इराद्याने कोणी दुसऱ्याच्या जमिनीतलं चंदनाचं झाड तोडलं की बुंधा जमिनीपासून सुटला त्या क्षणी चोरी पूर्ण, टेम्पोत भरायची वाट बघावी लागत नाही. हे दाखले 1860 च्या जुन्या दंड संहितेपासून आलेत आणि माझ्या मते क्राइमच्या पेपरचा निम्मा अभ्यास त्यातच आहे, तरी पोरं नेमके तेच गाळून पुढे पळतात.

रोज असं एक कलम फोड, महिन्यात भीती जाते. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश आहे, इंग्लिश-मराठी, ऑनलाइन दिसतो. पेपर मराठीत लिहायची मुभा बऱ्याच ठिकाणी असते, तुझ्या विद्यापीठाचा नियम अ‍ॅडमिशनच्या वेळीच ऑफिसात विचारून घे. पण मराठीत लिहिणार असशील तरी वाचन इंग्लिशमधून सोडू नकोस, कारण हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचं काम संविधानाच्या कलम 348 प्रमाणे इंग्लिशमध्ये चालतं. आणि तालुका-जिल्हा कोर्टात कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), अर्ज, जबाब बरंचसं मराठीत असतं, तिथे कॉन्व्हेंटवाले तुझ्याकडे मसुदा तपासायला घेऊन येतील, बघशील.

प्रश्न : शेजारच्या दादाने त्याची तिन्ही वर्षांची पुस्तकं फुकट देऊ केलीत, 2022 ला तो पास झाला. शिवाय एका दुकानात पहिल्या सेमिस्टरचा गाइडचा सेट मिळतोय. दोन्ही घेऊ की एकच?
(तीन वर्षांच्या एलएलबीला अ‍ॅडमिशन घेतलेला, बार्शी)

उत्तर : दादाची पुस्तकं घे, फुकट ते पौष्टिक, पण निवडून. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 चा आहे आणि अजून तोच चालू आहे, ते पुस्तक बिनधास्त वापर. संविधानाचंही चालेल, मधल्या दुरुस्त्या आणि नवे निकाल तेवढे जोडून घे. टॉर्टचं (कराराबाहेरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचं) पुस्तक मात्र उघडून बघ, त्याला जोडून ग्राहक संरक्षण कायदा असतो आणि तो 1986 चा छापलेला असेल तर ती पानं रद्दी, आता 2019 चा कायदा आहे.

क्राइमचं पुस्तक नवीनच घे. 1 जुलै 2024 पासून आयपीसी (जुनी दंड संहिता), सीआरपीसी (फौजदारी खटला चालवायच्या पद्धतीचा कायदा) आणि एव्हिडन्स अ‍ॅक्ट तिन्ही गेले, न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम आले. नुसते नंबर बदलले असं समजू नकोस. खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं हे ठीक, पण न्याय संहितेतही 302 आहेच, ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं आहे, म्हणजे जुन्या सवयीने लिहिलंस तर खुनी माणूस भलत्याच कलमात जाऊन बसेल. शिवाय काही ठिकाणी मजकूरच नवीन आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, अशाला आता समाजसेवेची शिक्षा आहे, जुन्या पुस्तकात हे नाहीच. तरी दादाचं आयपीसी रद्दीत घालू नकोस, 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले त्याच कायद्याने चालतात आणि ते अजून कैक वर्षं चालणार.

गाइडचा सेट नको. का ते एका केसवरून सांगते, ही तुला पहिल्याच वर्षी लागेल. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, 1913, अलाहाबाद हायकोर्ट. कानपूरच्या गौरी दत्तचा पुतण्या घरातून नाहीसा झाला, मुनीम लालमनला भाड्याचे पैसे देऊन हरिद्वारला शोधायला पाठवलं, तो गेल्यावर मागे मालकाने पत्रकं काढली की शोधून देणाऱ्याला 501 रुपये. लालमनला पोरगा सापडला. पुढे त्याने त्या बक्षिसासाठी दावा लावला आणि हरला. गाइडमध्ये याची एक ओळ असते : प्रस्ताव माहीत नसेल तर स्वीकार होत नाही. निकालात ते आहेच, पण कोर्टाचा खरा भर आहे तो यावर की लालमन नोकर होता, त्याच कामाला त्याला पाठवलं होतं, म्हणजे मुलगा शोधणं हे आधीच त्याचं कर्तव्य होतं, मग त्याच कामाचा नवा मोबदला कसला? आणि गाइडवाले हे तर सांगतच नाहीत की मालकाने त्याला आधी दोन मोहरा आणि मग वीस रुपये दिले होते, तो गप्प घेऊन राहिला, सहा महिन्यांनी नोकरीवरून काढला तेव्हा कोर्टात गेला, तेही 499 रुपये मागत! निकाल जेमतेम दोन-तीन पानांचा आहे, इंडियन कानूनसारख्या साइटवर असे निकाल फुकट वाचायला मिळतात. एवढं वाचलेल्या पोराला तोंडी परीक्षेत कोणी हलवू शकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चाळलंस तर मी काही बोलणार नाही, सगळेच चाळतात.

प्रश्न : वय 46, बँकेत आहे. तीन वर्षांच्या कोर्सला सकाळच्या बॅचला बसायचा विचार आहे. एक एजंट म्हणतो हजेरीचं "बघून घेऊ". रिटायरमेंटच्या आधीच थोडी थोडी प्रॅक्टिसही सुरू करता येईल ना?
(नाशिक)

उत्तर : एजंटला नमस्कार करा आणि घरी या. बार काउन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लिहिलेली आहे, टर्म अडकली तर एजंट फोन उचलणार नाही. बँकेची लेखी परवानगी आधी घ्या, कॉलेजचं टाइमटेबल हातात घेऊन मगच फी भरा. वयाचं मनावर घेऊ नका, वर्गात तुमच्यासारखे दोन-चार जण असतातच आणि करारनामे, तारण, चेक बाउन्स हे सगळं तुम्ही टेबलावर रोज बघितलेलं असतं.

प्रॅक्टिसचं मात्र विसरा. पदवी घ्या खुशाल, पण पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नोकरी सुटल्यावर.

प्रश्न : मुलीने पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय. आमच्या घरात सात पिढ्यांत वकील नाही. कोणी म्हणतं आत्तापासून मोठ्या वकिलाकडे इंटर्नशिपला घाला, कोणी म्हणतं भारी लॅपटॉप घ्या. नेमकं काय करावं?
(एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : दादा, इंटर्नशिपची घाई नको. पूर्ण कोर्समध्ये मिळून ती तीन वर्षांवाल्यांना 12 आठवडे आणि पाच वर्षांवाल्यांना 20 आठवडे करायची असते, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करताही येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत मोठ्या वकिलाकडे गेली तर झेरॉक्स काढेल आणि चहा सांगेल, दुसरं काय.

त्यापेक्षा तिला जिल्हा कोर्टात बसायला पाठवा. कोर्ट खुलं असतं, पास लागत नाही, साधे नीट कपडे, मोबाइल बंद, मागच्या बाकावर बसायचं. काळा कोट आणि बँड सनद मिळाल्यावर, आत्ता शिवू नका. सकाळी कोर्टहॉलबाहेर बोर्ड लागलेला असतो, त्यावर कुठली केस कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, "पुरावा" लिहिलं असेल त्या कोर्टात बसायचं कारण तिथे साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपासणी (समोरच्या वकिलाचे प्रश्न) बघायला मिळते, नाहीतर दिवसभर पट्टेवाल्याचा पुकारा आणि पुढची तारीख एवढंच ऐकून पोरगी कंटाळेल. चांगली उलटतपासणी करणारा वकील आवाज चढवत नाही, छोटे छोटे प्रश्न विचारतो ज्यांचं उत्तर फक्त हो किंवा नाही येतं, ते तिला टिपून ठेवायला सांगा. कौटुंबिक वादाची प्रकरणं कधी बंद दाराआड चालतात, बाहेर जा म्हटलं तर वाद न घालता उठायचं. आणि तुमच्याकडे तर ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंचही बसतंय, पूर्वी ज्या अपिलांसाठी मुंबई गाठायला लागायची ती गावातच ऐकायला मिळतील, पण ते दुसऱ्या टर्मला, आधी खालचं कोर्ट.

लॅपटॉप साधा घ्या, टायपिंग आणि पीडीएफ वाचण्यापुरता. उरलेल्या पैशांत बेअर अ‍ॅक्ट आणि तिच्या एसटीचा पास.