खऱ्या समस्येवर सस्पेन्स थ्रिलर कसा लिहावा आणि स्वतः कसा प्रकाशित करावा?

भेसळ, आर्थिक घोटाळा, डेटाचोरी अशा खऱ्याखुऱ्या विषयावर सस्पेन्स थ्रिलर लिहून स्वतःच प्रकाशित करायचा तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते सुरुवात गुन्ह्याच्या कार्यपद्धतीपासून करा. पैसा कुठून कुठे जातो, कोणती सही लागते, कोणती तपासणी टाळली की सगळं पचतं, हे आधी समजून घ्या. बातमीत फक्त परिणाम असतो. कादंबरीला लागणारा ताण त्या परिणामाच्या मागच्या साखळीत असतो.

एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. २००६ साली पनामामध्ये अचानक रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, हातापायांतली ताकद जाऊ लागली. डॉक्टरांना आधी गिलॅन-बारे सिंड्रोमचा, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा संशय आला. मग लक्षात आलं की बऱ्याच जणांना रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल चालू आहे, म्हणून संशय त्या गोळीवर गेला. गोळी निर्दोष होती. पण लिसिनोप्रिलमुळे काहींना कोरडा खोकला येतो, आणि त्या खोकल्यावर जे सिरप दिलं जात होतं त्यात ग्लिसरीनऐवजी विषारी डायएथिलीन ग्लायकॉल होतं. शंभराहून जास्त माणसं गेली. सिरप सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेलं, पिंपांवर ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन अशी नोंद. माल चीनमधून स्पेनमार्गे आला होता आणि वाटेत कागदपत्रांवरून मूळ उत्पादकाचं नाव गायब झालं होतं.

इथे कादंबरीकाराला दोन गोष्टी आयत्या मिळतात. पहिली म्हणजे दिशाभूल कशी असावी याचा नमुना. गोळी खोटी संशयित असली तरी तिचा संबंध खरा आहे, म्हणून उलगडा झाल्यावर वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही. उगाच रात्री फिरणारा, डोळे चुकवणारा शेजारी घुसडला तर नेमकं तेच वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे कागदावरचं नाव पुसणारा माणूस. त्याला पुढे मरणारी माणसं दिसत नाहीत, त्याच्या समोर फक्त एक प्रमाणपत्र असतं. माझ्या लेखी सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात माणूसपण असलेलं पात्र तेच.

आता कामाची पद्धत. नायकाचा तपास लिहायच्या आधी गुन्हेगाराची दिनदर्शिका तयार करा. साध्या तक्त्यात चार रकाने पुरतात: तारीख, त्याने काय केलं, कोणी पाहिलं, मागे काय खूण राहिली. तपासातला प्रत्येक सुगावा चौथ्या रकान्यातून यायला हवा. तसा येत नसेल तर तो योगायोग आहे, आणि शेवटाकडे आलेला योगायोग वाचक माफ करत नाही. घड्याळाची टिकटिकही याच तक्त्यातून काढा: पुढची खेप कधी सुटणार, लेखापरीक्षण कधी, नमुने कधी नष्ट होणार. बाहेरून आणलेला बॉम्ब लागत नाही.

अशा कादंबऱ्या बहुधा माहितीच्या ओझ्याने बसतात. अभ्यास खूप झालेला असतो आणि तज्ज्ञ पात्र दोन पानं व्याख्यान देतं. त्याऐवजी तीच माहिती भांडणात घाला. प्रयोगशाळेतली बाई म्हणते प्रत्येक पिंपातला नमुना तपासणार, भांडारप्रमुख म्हणतो कागद आहेत ना, मग एकच बघा. या चार संवादांत वाचकाला चाचणीही कळते आणि भ्रष्टाचाराची फटही. मात्र गुन्हा प्रत्यक्ष करता येईल इतकी पूर्ण कृती देऊ नका. एखादी निर्णायक पायरी मुद्दाम गाळा, कथेला काही फरक पडत नाही.

कायद्याचं भान हवंच. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ अब्रुनुकसानीपासून पूर्ण संरक्षण देत नाही. नाव बदललं, पण हुद्दा, शहर, वर्ष आणि घटना तीच ठेवली तर माणूस ओळखू येतोच. म्हणून यंत्रणा उचला, माणसं नवी घडवा. काल्पनिक कंपनीचं नाव खरंच अस्तित्वात आहे का हे शोधून घ्या. पीडितांचे खासगी तपशील तर अजिबात वापरू नका. त्यांच्यावर जे गुदरलं ते त्यांचं आहे. शंका असेल तिथे छापण्याआधी वकिलाला हस्तलिखित दाखवा.

खर्डा झाला की पाच-सहा वाचकांना द्या, पण ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. पाव, अर्धी आणि पाऊण कादंबरी झाल्यावर थांबून संशयिताचं नाव लिहायला सांगा. अर्ध्यावरच सगळ्यांनी खरं नाव लिहिलं तर सुगावे उघडे पडलेत. पाऊण झाल्यावरही ते नाव कोणालाच सुचलं नसेल तर बहुतेक सुगावे पेरलेच गेले नाहीत. विषयातल्या जाणकाराला फक्त संबंधित प्रकरणं द्या. मुद्रितशोधन सगळ्यात शेवटी, नाहीतर नंतर उडवायच्या पानांवर मेहनत वाया जाते.

प्रकाशनासाठी ॲमेझॉनचं केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा) धरून सांगतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ई-बुकमध्ये अगम्य चिन्हं होऊन बसतं. प्रकरणांच्या शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावा म्हणजे अनुक्रमणिका नीट बनते. मुखपृष्ठ २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद, आणि ते अंगठ्याएवढं करून शीर्षक वाचता येतं का ते बघा. मोफत नमुन्यात साधारण सुरुवातीचा दहावा हिस्सा दिसतो, म्हणून ऋणनिर्देश मागे टाका, पहिलं प्रकरण पुढे येऊ द्या.

केडीपी सिलेक्ट ही ई-बुक फक्त ॲमेझॉनवरच ठेवण्याची योजना घेतली तर ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. हीच कादंबरी आधी एखाद्या साइटवर क्रमशः टाकली असेल तर तिथून काढावी लागते. बाहेर जास्तीत जास्त दहा टक्के भाग नमुना म्हणून ठेवता येतो. मुदत आपोआप वाढते, नको असेल तर खूण काढून ठेवा. पूर्वनोंदणी लावली तर अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी चढवावी लागते.

छापील आवृत्तीसाठी चालणाऱ्या भाषांची यादी ई-बुकच्या यादीहून वेगळी आहे, ती पानं लावायच्या आधी तपासा. १५१ ते ३०० पानांच्या पुस्तकाला बांधणीकडचा समास निदान अर्धा इंच लागतो, त्याहून जाड असेल तर आणखी. केडीपीकडून मिळणारा मोफत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, दुसरीकडे छापताना चालत नाही. आणि विक्री सुरू करण्याआधी एक नमुना प्रत छापून हातात घेऊन पूर्ण वाचा. ई-बुकची दुरुस्त फाइल नंतर चढवता येते, पण आधी विकत घेतलेल्यांकडे ती आपोआप पोचेलच असं नाही.