ग्राहकाने खरेदी थांबवली की कंपनी नमते का?

तुम्ही विचारलंय की ग्राहकांनी पाठ फिरवली की कंपनी वठणीवर येते, मग सरकारने मध्ये पडायचं कशाला? साबणाच्या वडीपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. पण जिथे दुसरं दुकानच नाही तिथे पाठ फिरवून जायचं कुठे? विजेचं तसं आहे, म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचं उदाहरण घेतो.

८ डिसेंबर १९९३ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. प्रकल्प परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारलं होतं. तरी सही झाली. वीज उचला न उचला, स्थिर आकार, म्हणजे केंद्र उभं असल्याचे ठरलेले पैसे, द्यायचेच. दर डॉलरशी बांधलेले. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्यानेही दिले नाहीत तर केंद्र सरकार देणार. म्हणजे रुपया घसरला तरी कंपनीला झळ नाही, ती बिल भरणाऱ्याला. आणि सही होईपर्यंत या बिल भरणाऱ्याला करारात काय आहे हे कोणी दाखवलंच नाही. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा.

१९९५मध्ये सरकार बदललं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि २,०१५ मेगावॅटचा प्रकल्प २,१८४ मेगावॅटचा होऊन परत आला! गुहागर तालुक्यात वेलदूर-अंजनवेलची माणसं विरोध करत होती, लाठ्या आणि अटका सोसत होती. त्यांना कोणी विचारलं नाही. मे १९९९मध्ये वीज सुरू झाली. इतकी महाग पडली की मे २००१मध्ये मंडळाने घेणं थांबवलं. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढे २००५मध्ये ते केंद्र चालवायला एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना उतरावं लागलं, म्हणजे पुन्हा आपलेच पैसे.

मंडळाएवढ्या अवाढव्य गिऱ्हाइकाने खरेदी थांबवूनही सुटका झाली नाही, तर आपण एकेकटे काय करणार? म्हणून माझं मत असं की ग्राहकाचं बळ त्याच्या पाकिटात कमी आणि कागद बघण्याच्या हक्कात जास्त आहे. पुण्याच्या 'प्रयास' या वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या अभ्यासकांनी दाभोळच्या कराराचं गणित मांडून दाखवलं, तेव्हा कुठे चर्चा आकड्यांवर आली.

१९९९मध्ये विजेचे दर ठरवणारा राज्य वीज नियामक आयोग आला. आता दरवाढ मागायची तर वितरण कंपनीला याचिका जाहीर करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. २००३च्या वीज कायद्यातल्या कलम ९४(३)मुळे आयोग ग्राहकांचे प्रतिनिधीही नेमू शकतो. आयोग दर वेळी आपलं ऐकतो असं नाही. दरवाढ होतेच. पण वाटेत वाया जाणाऱ्या विजेची गळती किती, बिलांची वसुली किती, कुठल्या केंद्राची वीज केवढ्याला घेतली, हे तिथे कंपनीला सांगावं लागतं.

याचिका शेकडो पानांची असते, एकट्याने वाचून होत नाही. चार-पाच शेजारी मिळून वाचा, वीजखरेदीचा खर्च आणि वितरण गळती ही प्रकरणं आधी. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत हरकतींची शेवटची तारीख असते. हरकत मराठीत लिहिली तरी चालते.