चुरस कोणत्या टप्प्यावर असावी?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली नववीतील मुलगी आणि तिची मैत्रीण दर आठवड्याला एकमेकींना गणिते घालतात आणि घड्याळ लावून सोडवतात. आधी यातून गोडी वाढली, पण अलीकडे मैत्रीण पुढे गेली की आपली मुलगी वही मिटून बसते आणि 'पुढे गणित नसलेलीच शाखा घेईन' म्हणते. हा प्रकार थांबवावा का, असे आपण विचारले आहे.

थांबवू नये, फक्त चुरशीची जागा बदलावी. नॉर्मन ट्रिपलेट या मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये 40 मुलांना गळाच्या दोरीचे रीळ कधी एकट्याने, तर कधी जोडीदाराशी शर्यत लावून फिरवायला दिले, तेव्हा 20 मुलांचा वेग शर्यतीत वाढला, 10 मुले उतावीळपणात उलट मागे पडली आणि उरलेल्यांना विशेष फरक पडला नाही. पुढे 1965 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी असे मांडले की, इतरांच्या उपस्थितीत हातात बसलेले काम सुधारते, पण नवे, न रुळलेले काम बिघडते. आपल्या घरी बहुधा हेच घडत आहे. बीजगणितातल्या ज्या अवयव पाडण्याच्या पद्धतीतली चिन्हे अजून चुकतात, तिथेच घड्याळ लावले, तर मुलगी विचार करण्याऐवजी शेजारची वही बघते.

म्हणून नवा धडा दोघींनी घड्याळाशिवाय, एकमेकींना समजावत करावा आणि चुरस महिन्याभरापूर्वी पक्क्या झालेल्या धड्यावरच लावावी. आणि रागावू नका, पण 'तिला किती मिळाले?' हा प्रश्न घरात प्रथम कोण विचारते, तेही पाहावे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांच्या कोडी सोडवण्याच्या 1981 मधील प्रयोगात, समोरच्याला हरवायचे असे सांगितलेल्यांनी मोकळ्या वेळात तीच कोडी कमी हाताळली. ज्यांना केवळ ती सोडवायला सांगितले होते, त्यांची ओढ अधिक टिकली.

शाखेचा निर्णय आताच नको. मैत्रीण गणितात वेगवान असणे आणि आपल्या मुलीला गणित न जमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु रोज एकाच व्यक्तीशी तुलना करणाऱ्या मुलीला त्या एकच वाटू लागतात. वर सांगितलेला बदल करून एक सत्र जाऊ द्या, आणि मैत्रीण जवळ नसताना, कोणी सांगितलेले नसताना ती कोणत्या विषयाची वही स्वतःहून उघडते, ते मला कळवा. शाखेविषयी आपण त्यानंतर बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक